दिवाळीपासून म्हातारपण येत नाही

ताई, सा. न. वि. वि.

माझं वय ७२. एसटीत ३१ वर्षं चालक होतो, शेवटची अकरा वर्षं मुक्कामी गाडीवर. २०११ ला ५८ पूर्ण करून रिटायर झालो. त्यानंतर शाळेची गाडी चालवली, ती करोनात बंद पडली. मी, बायको, मुलगा, सून, नातू एकाच घरात आहोत, कुणी उलट बोलत नाही. गेल्या गणपतीत वळणावर स्कूटर घसरली. गुडघा खरचटला, बाकी काही नाही. मुलानं त्याच दिवशी किल्ली काढून स्वतःच्या कपाटात ठेवली. मी काही बोललो नाही.

दिवाळीपासून तब्येत बिघडलीय. पहाटे तीनला जाग येते, मग झोप नाही. तोंडाला चव नाही. पट्टा दोन भोकं आत गेला. पोट जड, पाठ धरते. रक्त, लघवी, ईसीजी, सोनोग्राफी, सगळं नॉर्मल. नावं आठवत नाहीत. स्टँडवर चहाला जायचो ते बंद केलं, लग्नकार्यालाही जात नाही. माझा जुना कंडक्टर दर रविवारी फोन करतो, मी उचलत नाही. काय बोलणार? सून म्हणते मानसोपचाराच्या डॉक्टरला दाखवू. मी काय येरवड्याची केस आहे का? मला दुःख काहीच नाही. डेपोच्या मागं भंगारात काढलेली गाडी उभी असते ना, फक्त तसं वाटतं. माझ्या गोळ्यांना, दुधाफळांना पैसा जातो आणि मी घराला देतो काय? माझे वडीलही शेवटची सहा वर्षं पडवीत बाजेवर होते, पण ती गोष्ट वेगळी. झोपेतच सुटका झाली तर बरं. हे सगळं वयोमानानुसारच असणार. तसं असेल तर तसं छापा, म्हणजे सुनेचा लकडा थांबेल.

– एक निवृत्त चालक, सातारा जिल्हा

काका, नमस्कार.

सूनबाईंचा लकडा थांबवायला मी मदत करू शकत नाही. त्यांचं बरोबर आहे.

पण त्याआधी तुमचं एक वाक्य. ‘झोपेतच सुटका झाली तर बरं.’ आपल्याकडे वयस्कर माणसं हे इतक्या सहज बोलतात की घरातले ते हरिनाम ऐकल्यासारखं ऐकतात आणि आमटीला फोडणी देतात. मी तसं करणार नाही. सरळ विचारते. मरण आपसूक यावं एवढंच मनात आहे, की स्वतःच्या हातानं काही करून घ्यावं असंही कधी येतं? असं विचारल्यानं नसलेला विचार डोक्यात शिरतो ही भीती खोटी आहे. विचारलं की माणूस बोलता होतो, हाच अनुभव आहे. उत्तर दुसरं असेल तर पेपर खाली ठेवा आणि काकूंना सांगा, आत्ता. १४४१६ हा सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या फोन-मदतीचा क्रमांक आहे. २०२२ पासून चालू आहे, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं आणि पहाटे तीनलाही तिथं माणूस असतो. पुढच्या दोन ओळी सूनबाईंसाठी: गोळ्यांचे डबे आणि रानातली फवारणीची औषधं काही महिने तुमच्या कुलपात ठेवा. काका जेवण किंवा रोजच्या गोळ्या मुद्दाम टाळायला लागले तर तेही तितकंच गंभीर धरा. काका हे वाचतायत, मला माहीत आहे. त्यांच्यापासून लपवायचं असं यात काही नाही.

आता तुमचा प्रश्न. वय की आजार?

गुडघे वयानं कुरकुरतात, पण वर्षानुवर्षं, हळूहळू. केस पिकतात तेही तसेच. तुम्ही मात्र तारीखवार लिहिलंय: गणपतीपर्यंत स्कूटरवर फिरणारा माणूस, आणि दिवाळीनंतर घराबाहेर न पडणारा माणूस. म्हातारपण दिवाळीपासून येत नाही, काका. दिवाळीपासून जे येतं त्याला आजार म्हणतात. पहाटेची जाग, गेलेली भूक, उतरलेलं वजन, माणसं नकोशी होणं, आणि सगळ्यात मोठं म्हणजे आपण कुचकामी झालो ही खात्री, हे सगळं एकत्र दोन आठवड्यांच्या वर टिकलं की डॉक्टर नैराश्याचा विचार करतात. तुमचे काही महिने गेलेत. पत्रावरून निदान करणं माझं काम नाही आणि ते कुणी करूही नये. पण ‘वयोमानानुसार’ असं छापायला मी तयार नाही.

तो शब्द डॉक्टरांच्याही तोंडात फार बसलाय. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेनं २०१७-१८ मध्ये वयस्कर लोकांची देशभर मोठी पाहणी केली, ‘लासी’ नावाची. साठीपुढच्या माणसांना लक्षणांचे प्रश्न विचारले, तेव्हा ८.३ टक्के लोकांत नैराश्याच्या आजाराची शक्यता दिसली. आणि ‘डॉक्टरांनी मला हा आजार सांगितलाय’ असं म्हणणारे किती? ०.८ टक्के. म्हणजे शंभरातल्या आठांना आजार, आणि त्यातला जेमतेम एक जण ते जाणतो. बाकीचे सात तुमच्यासारखे सोनोग्राफी करून घरी येतात. उरलेल्या ब्याण्णवांकडेही बघा जरा. तीही साठीच्या पुढचीच माणसं आहेत. वयानंच हे होत असतं तर त्यांना का झालं नाही?

‘मला दुःख काहीच नाही’ हे तुम्ही आवर्जून लिहिलंत. माझा त्यावर पूर्ण विश्वास आहे. खरा घोटाळा ‘नैराश्य’ या शब्दानं केलाय. तो ऐकला की डोळ्यांसमोर रडणारं माणूस येतं. सत्तरीतलं माणूस बहुधा रडत नाही. ते म्हणतं, करमत नाही. गोडी राहिली नाही. अंगात त्राण नाही. पोट साफ होत नाही. माझी आत्या सहा महिने फक्त ‘तोंड कडू झालंय’ एवढंच म्हणत होती, आणि आम्ही शहाणी माणसं तिला दर आठवड्याला वेगळं लोणचं नेऊन देत होतो.

म्हणूनच अमेरिकेतल्या जेरोम येसावेज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात खास वयस्कर लोकांसाठी एक प्रश्नावली केली. तिच्या छोट्या आवृत्तीत पंधरा प्रश्न आहेत, उत्तर फक्त हो किंवा नाही. गंमत अशी की त्यात पोट, पाठ, झोप यांचं नावही नाही, कारण या वयात ते सगळं दुसऱ्या कारणांनीही बिघडतं. मग विचारतात काय? पूर्वी करत होता ती बरीच कामं, आवडी सोडून दिल्यात का? बाहेर पडण्यापेक्षा घरात बसावंसं वाटतं का? स्मरणशक्ती इतरांपेक्षा जास्त बिघडलीय असं वाटतं का? आत्ता जसे आहात तसे तुम्ही स्वतःला निरुपयोगी वाटता का? या चारांची उत्तरं तुमच्या पत्रात मी न विचारताच आली आहेत. नैराश्याकडं बोट दाखवणारी उत्तरं पाचाच्या वर गेली की डॉक्टरांनी नीट तपासायचं, असा त्याचा साधारण हिशोब.

यातला निरुपयोगीपणाचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. माणूस आपल्याविषयी काय म्हणतो, ते तिथं लक्षण म्हणून मोजलं जातं, ताप मोजतात तसं. तुम्हाला ते लक्षण वाटत नाही. तुम्हाला ते शोधून काढलेलं सत्य वाटतं. पाठ धरते हे तुम्ही तक्रार म्हणून लिहिलंय आणि ‘मी घराला देतो काय’ हे हिशोब म्हणून. माझ्या लेखी दोन्ही एकाच यादीत आहेत.

तुमच्याच कामातलं उदाहरण देते. जुन्या गाडीत डिझेलचा काटा रिकामं दाखवतो, तेव्हा काट्यावर विसंबून गाडी रस्त्यात उभी करणारा चालक मी तरी बघितलेला नाही. तो खाली उतरतो आणि टाकीत काठी घालून बघतो. तुमचा काटा दिवाळीपासून शून्यावर अडकलाय आणि तुम्ही खाली उतरून बघितलेलंच नाही. माझ्याकडे काठी म्हणून तुमचं पत्र आहे. दोन पानं, एकही खाडाखोड नाही, घटना ओळीनं, तारखांसकट. खाली सही आणि सहीखाली, मी न मागता, जुना बिल्ला क्रमांक. तो इथं छापलेला नाही. पण भंगारातली गाडी आपला नंबर सांगत नाही, एवढं माझ्या लक्षात आलं.

गाडीची भाषा पुरे. आता जे खरंच गेलंय त्याबद्दल बोलू, कारण सगळंच आजाराच्या नावावर टाकणं तुमच्यावर अन्याय होईल. किल्ली गेली. ३१ वर्षं ज्याच्या भरवशावर पन्नास-पन्नास माणसं घाटातून झोपा काढत आली, त्याच्या हातून घरातल्यांनी दोन चाकी गाडीची किल्ली न विचारता काढून घेतली. याचा राग यायला हवा होता. तुम्ही लिहिलंय, ‘मी काही बोललो नाही’. न बोललेला राग जातो कुठं? बऱ्याचदा तो आपल्यावरच उलटतो. मुलाची भीती मी समजू शकते, गणपतीत रस्ते कसे असतात तेही माहीत आहे. पण पद्धत चुकली, आणि हे त्याला वाचून दाखवायला माझी हरकत नाही. डोळे तपासा, मोतीबिंदू आहे का बघा, कान तपासा, साखर बघा, आणि मग डॉक्टरांसमोर तिघांनी बसून ठरवा. कदाचित फक्त दिवसा, फक्त गावात, असं ठरेल. कदाचित नकोच असंही ठरेल. पण ते तुमच्यासमोर ठरेल. चर्चा होईपर्यंत किल्ली मुलाच्या कपाटातून निघून दिवाणखान्यातल्या खिळ्यावर आली तर बरं होईल. चालवायला नव्हे. ती सगळ्यांसमोर असावी, म्हणून.

आणि वडिलांचं. ‘ती गोष्ट वेगळी’ असं लिहून तुम्ही पुढं गेलात. मी तिथंच अडकले. सहा वर्षं ते पडवीत बाजेवर होते. तेव्हा तुम्ही भर ड्यूटीत होता, पगार तुटपुंजा. त्या सहा वर्षांत त्यांच्या दुधाचा हिशोब कधी मांडलात? मुक्कामाहून परत आल्यावर बाजेशेजारी टेकत होता की नाही, मला माहीत नाही. तुम्हाला माहीत आहे. नातवाच्या वयाचा तुमचा मुलगा तेव्हा त्या बाजेभोवती खेळत असेल, तर त्यालाही माहीत असेल. गोष्ट वेगळी का, ते मला पुढच्या पत्रात सांगा. खरंच उत्सुकता आहे.

स्वतःच्या वयाकडं कसं बघतो यानं शरीरालाही फरक पडतो असं दिसलंय. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या एका लहान गावात १९७५ मध्ये पन्नाशी ओलांडलेल्या लोकांना विचारलं होतं: वय वाढलं की माणूस कमी उपयोगाचा होतो, हे पटतं का? असेच आणखी काही प्रश्न होते. येल विद्यापीठाच्या बेका लेव्ही यांनी पुढं त्यातल्या ६६० जणांचा माग काढला आणि २००२ मध्ये निष्कर्ष छापला. ज्यांचं स्वतःच्या म्हातारपणाबद्दल बरं मत होतं, ते सरासरी साडेसात वर्षं जास्त जगले. तब्येत, पैसा, एकटेपणा यांचा फरक वजा करूनही अंतर राहिलंच. पण हे वाचून आरशासमोर उभं राहून ‘मी आनंदी आहे’ म्हणायला लागू नका. सकाळी सकाळी व्हॉट्सॲपवर सूर्योदयाच्या चित्राखाली ‘सकारात्मक राहा’ पाठवणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. आजारी माणसाला ते जमत नाही आणि मग ‘हेही मला जमेना’ अशी आणखी एक नोंद त्याच्या वहीत पडते. तुमचं आत्ताचं मत तुम्ही जोर लावून बदलायचं नाहीये. आजार उतरला की ते बरंचसं आपोआप सैल होतं. आजाराचं बघा.

ते असं. आधी फिजिशियनकडे जा आणि रक्तात थायरॉइड, बी-१२, हिमोग्लोबिन आणि सोडियम बघितलंय का ते विचारा. ‘सगळं नॉर्मल’ या फायलीत ह्या तपासण्या असतीलच असं नाही. थायरॉइड मंदावलं किंवा बी-१२ कमी पडलं तरी माणूस असाच विझल्यासारखा होतो. जाताना घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या, आयुर्वेदिकही, शेजाऱ्यानं दिलेलीही. झोपेची गोळी कुणाकडून उसनी घेत असाल तर थांबवा. या वयात ती रात्री मोरीकडं जाताना पाडते, आणि खुब्याचं हाड मोडलं की मग खरंच बाज धरावी लागते.

त्यानंतर मानसोपचारतज्ज्ञ. येरवड्याचं म्हणाल तर, आपल्याकडे त्या गावाचं नाव घेतलं की तुरुंग आणि मनोरुग्णालय दोन्ही एकदम आठवतात, म्हणून ते धमकीसारखं वापरलं जातं. तुम्हाला कुणी कुठं ठेवणार नाही. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी असते. केसपेपर काढायचा, रांगेत बसायचं, बोलायचं, घरी यायचं. रांगेत परीक्षेची पोरं असतात, बाळंतिणी असतात, तुमच्याच वयाचे शेतकरी असतात. गोळी दिली तर या वयात ती थोडक्या मात्रेनं सुरू करून हळूहळू वाढवतात. फरक कळायला चार ते सहा आठवडे, कधी जास्तही लागतात. पहिल्या आठवड्यात काही होत नाही म्हणून बंद करू नका, आणि बरं वाटलं म्हणूनही आपल्या मनानं बंद करू नका. तिची नशा लागत नाही. एक गोष्ट मात्र घरातल्यांनी लक्षात ठेवायची: यातल्या काही गोळ्यांनी वयस्कर माणसांच्या रक्तातलं सोडियम उतरू शकतं. सुरुवातीच्या आठवड्यांत काका गोंधळल्यासारखे वागले, तोल जायला लागला, तर ताबडतोब डॉक्टरांना कळवा.

नावं विसरण्याची भीतीही तिथंच बोला. तुम्ही स्वतः तक्रार करताय, तारखा बिनचूक लिहिताय, हे चांगलं चिन्ह आहे. स्मृतिभ्रंशात बहुतेकदा घरातले तक्रार करतात आणि माणूस म्हणतो, मला काही झालं नाही. पण दोन्ही एकत्रही असू शकतात, म्हणून मन ठिकाणावर आल्यावर स्मरणशक्ती पुन्हा एकदा तपासून घ्या.

गोळीखेरीजही काही करण्यासारखं आहे, आणि त्याचा पुरावा आपल्या शेजारच्या गोव्यातलाच आहे. ‘संगाथ’ या संस्थेच्या पुढाकारानं तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत साठीपुढच्या १८१ जणांवर अभ्यास झाला. ही माणसं आजाराच्या उंबरठ्यावर होती, आत गेलेली नव्हती. अर्ध्यांकडे प्रशिक्षण दिलेले साधे कार्यकर्ते जात. डॉक्टर नव्हेत, मानसशास्त्रज्ञही नव्हेत. ते काय करत? रोजच्या अडचणीतली एक निवडून ती सोडवायला मदत. झोपेची शिस्त. साखर-बीपीची काळजी. सरकारी योजनांचे कागद. वर्षभरात त्या ९१ जणांतले चार पूर्ण आजारी पडले, बाकीच्या ९० जणांतले तेरा. तुम्ही उंबरठा ओलांडलाय असं मला वाटतं, म्हणून फक्त एवढ्यावर भागणार नाही. पण त्यातलं झोपेचं आणि एका अडचणीचं आजपासून उचलता येईल.

झोपेचं असं की साडेआठलाच अंथरुणावर पडत असाल तर पडू नका. डोळे मिटायला लागले की जा. जाग आली आणि वीस-पंचवीस मिनिटांत झोप लागली नाही, तर उठून खुर्चीत बसा. अंथरुणावर पडून हिशोब मांडायचे नाहीत. उठण्याची वेळ रोज एकच, आदली रात्र कशीही गेली तरी. दुपारची झोप अर्ध्या तासाच्या आत.

अडचण मी निवडून देते: स्टँड. आठवड्यातून एकदा, काकूंना घेऊन, एसटीनं कराडला किंवा साताऱ्याला जा आणि जेवायच्या आत परत या. तुम्हाला ज्येष्ठ म्हणून अर्धं तिकीट, काकूंना महिला म्हणून अर्धं. दोघांत मिळून एकाचं भाडं. काही विकत आणायला नको, कुणाला भेटायला नको. जावंसं वाटेपर्यंत थांबलात तर जाणं होणार नाही, कारण या आजारात वाटणं आधी बंद पडतं. थंडीत बॅटरी उतरलेली गाडी कशी सुरू करता? धक्का मारून. इंजिनाची इच्छा कुणी विचारत नाही. (गाडीची भाषा पुरे म्हटलं होतं, पण राहवलं नाही.) प्रवाशाच्या सीटवर बसल्यावर पहिल्या वळणाला तुमचा उजवा पाय ब्रेक शोधेल. शोधू दे. नव्या पोरानं गिअर चुकीचा टाकला तर मनात शिवी द्या. चालेल.

राहिला रविवारचा फोन. तुम्ही विचारलंय, काय बोलणार? कंडक्टर सात दिवसांनी पुन्हा फोन करतो, उचलत नाही हे माहीत असून करतो. तुम्ही घराला काय देता याचा तो हिशोब करत नसावा. फार बोलायला लागणार नाही. ‘तब्येत बरी नाही, डॉक्टरकडे जायचंय, बरोबर येतोस का’ एवढं एक वाक्य कागदावर लिहून फोनशेजारी ठेवा. अकरा वर्षं त्यानं घंटी मारल्यावर तुम्ही गाडी सोडलीत, तेव्हा ओपीडीच्या रांगेत तो सोबत असायला तुम्हाला अडचण वाटू नये. मुलगा, सून येतीलच, पण तिथं त्यांच्यासमोर तुम्ही पुन्हा ‘मला काही नाही’ म्हणाल. त्याच्यासमोर म्हणणार नाही, असा माझा अंदाज आहे.

तारीख ठरली की पोस्टकार्ड टाका. आणि वडिलांचं लिहायचं विसरू नका.